कोबोटूलबॉक्स : सीमाभागात दोन भाषांत पाहणी करणाऱ्यांसाठी परीक्षण

बेळगावच्या वडगाव-शहापूर शिवारात पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात घुसतं. पाणी किती फूट चढलं हे मोजता येतं. पण ज्यांचं भात बुडतं ते शेतकरी याला निसर्गाचा कोप मानतात, नाल्यात साचलेल्या गाळाला दोष देतात, की ‘हे चालायचंच’ म्हणून सोडून देतात, हे कळायला मानसशास्त्राची प्रश्नावली लागते. कोणतं शेत नाल्यापासून किती अंतरावर आहे हे पर्यावरणाच्या नकाशावरून ठरतं. आणि चारशे घरांची उत्तरं हातात आल्यावर त्यातलं खरं किती आणि योगायोग किती, ते गणित सांगतं. या तिन्ही विषयांत पाय ठेवून संशोधनाची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्याने ज्या साधनापासून सुरुवात करावी असं आम्हाला वाटतं, त्याचं हे परीक्षण.

कोबोटूलबॉक्स म्हणजे प्रश्नावली बनवण्याची, मोबाइलवर भरून घेण्याची आणि उत्तरं एका जागी साठवण्याची सोय. हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये तिची सुरुवात झाली. आज ती एक स्वतंत्र ना-नफा संस्था चालवते. आपत्तीच्या जागी काम करणाऱ्यांसाठी घडलेली असल्यामुळे रेंज नसताना चालणं हा तिचा पाया आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांत, आमगाव-गवाळीकडे, मोबाइलच्या रेंजवर विसंबून पाहणी आखता येत नाही. तिथे दिवसभर उत्तरं फोनमध्ये साठवायची आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायची, हे कोबो विनातक्रार करतं. सीमाभागासाठी याहून चांगलं मोफत साधन आमच्या पाहण्यात नाही. पण ते काय करत नाही हे माहीत नसेल तर पाहणी हमखास फसते, म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्याबद्दल आहे.

सुरुवातीची मांडणी सोपी आहे, दोन-तीन खाचा सोडल्या तर. खातं काढताना दोन सर्व्हर समोर येतात, एक जागतिक आणि एक युरोपियन युनियनचा. एकावरचं खातं दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून गटातल्या सगळ्यांनी आधी ठरवून एकच निवडावा. फोनवर कोबोकलेक्ट हे ॲप घ्यायचं, त्यात सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड भरायचा आणि कोरा फॉर्म उतरवून घ्यायचा. हे ॲप अँड्रॉइडवरच आहे. आयफोनवाल्यांना ब्राउझरमधला वेब फॉर्म वापरावा लागतो. तोही ऑफलाइन चालतो, पण न पाठवलेल्या नोंदी ब्राउझरच्या साठवणीत असतात आणि कुणी ती साफ केली की त्या गेल्या. कलेक्टमध्ये मसुदा आणि पक्की केलेली नोंद वेगळी असते. मसुदा कधीच आपोआप पाठवला जात नाही. संध्याकाळी भरलेल्या घरांची संख्या आणि सर्व्हरवर पोचलेल्या नोंदींची संख्या जुळत नसेल, तर पहिल्यांदा मसुदे तपासा.

पाहणी चालू असताना फॉर्ममध्ये दुरुस्ती करावी लागतेच. ती केल्यावर फॉर्म पुन्हा प्रसिद्ध करायचा आणि प्रत्येक फोनवर पुन्हा उतरवायचा, नाहीतर दोन फोनांवर दोन आवृत्त्या चालत राहतात. दुरुस्ती करताना प्रश्नाचं दिसणारं वाक्य बदललं तर बिघडत नाही. त्याचं आतलं सांकेतिक नाव बदललं की तक्त्यात एकाच प्रश्नाचे दोन स्तंभ होतात आणि अर्धी उत्तरं एकात, अर्धी दुसऱ्यात जातात.

आता भाषा. इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

फॉर्म संकेतस्थळावर बनवता येतो, पण दोन भाषांसाठी एक्सेलमध्ये बनवणं केव्हाही चांगलं. त्यात तीन पानं असतात: सर्व्हे, चॉइसेस आणि सेटिंग्ज. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात पर्याय, तिसऱ्यात फॉर्मचं नाव आणि सुरुवातीला कोणती भाषा दिसावी ते. ‘लेबल’ या एका स्तंभाऐवजी दोन करायचे. स्तंभाच्या नावात लेबल, मग अपूर्णविरामाचं चिन्ह दोनदा, मग भाषेचं नाव आणि कंसात तिचा दोन अक्षरी संकेत, मराठीला ‘एमआर’ आणि कन्नडला ‘केएन’, रोमन लिपीत. हे नाव सर्व्हे आणि चॉइसेस या दोन्ही पानांवर अगदी तंतोतंत सारखं हवं. एका ठिकाणी कंसाआधी जागा सोडली आणि दुसरीकडे सोडली नाही, तर साधन तिला तिसरी भाषा समजतं. मग फोनवर प्रश्न नीट दिसतो आणि पर्यायांच्या जागी नुसती आडवी रेघ येते. ‘ॲप बिघडलं’ म्हणून जी ओरड होते तिच्यामागे पुष्कळदा ही एक मोकळी जागा असते. देवनागरी आणि कन्नड, दोन्ही लिपी युनिकोडमध्ये असतील तर एकाच फॉर्मात गुण्यागोविंदाने नांदतात.

भरताना मेनूतून भाषा कधीही बदलता येते. मात्र मुलाखत कोणत्या भाषेत झाली याचा वेगळा स्तंभ कोबो स्वतःहून तयार करत नाही. बेळगावात एकाच घरात आजी मराठीत बोलते, सून कन्नडमध्ये, आणि नातू दोन्ही मिसळून. म्हणून ‘बोलणं कोणत्या भाषेत झालं’ हा प्रश्न आपणच घालायचा. तो पाहणी करणाऱ्याने शेवटी भरायचा, आणि पर्याय मराठी, कन्नड, मिसळून आणि इतर असे ठेवायचे. हा एक स्तंभ नसेल तर पुढचं निम्मं गणित करताच येत नाही. का ते पुढे येईल.

भाषांतरात दोन्ही भाषांतले सारखे दिसणारे शब्द दगा देतात. कन्नडमध्ये ‘परिसर’ म्हणजे पर्यावरण. मराठीत परिसर म्हणजे आजूबाजूचा भाग. कन्नड ‘अनुमान’ म्हणजे शंका, मराठीत अनुमान म्हणजे निष्कर्षाकडे नेणारा अंदाज. ‘अवसर’ कन्नडमध्ये घाई, मराठीत संधी. ‘अभ्यास’ कन्नडमध्ये सराव किंवा सवय या अर्थानेही सर्रास चालतो. दोन्ही भाषा येणारा भाषांतरकार हे शब्द एका फॉर्मातून दुसऱ्यात तसेच नेतो आणि त्याला चूक दिसत नाही, कारण त्याच्या डोक्यात दोन्ही अर्थ हजर असतात. यावर उलट भाषांतराचा उपाय आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते. एकाने मूळ वाक्य कन्नडमध्ये न्यायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत आणायचं, तिसऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून फरक काढायचा. बेळगावात दोन्ही भाषा येणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे माणसांची अडचण नाही. फक्त तिघं तीन हवीत. त्यानंतर प्रत्येक भाषेतल्या आठ-दहा लोकांना एकेक वाक्य वाचून दाखवायचं आणि ‘हे तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायचं. उलट भाषांतरातून निसटलेलं इथे पकडलं जातं.

पर्यायांची भाषाही ऐकणाऱ्याच्या तोंडची हवी. ‘पूर्णतः सहमत’ हे कागदावर ठीक, पण दारात उभं राहून विचारताना ‘अगदी पटतं, पटतं, अधलंमधलं, पटत नाही, अजिबात पटत नाही’ असं म्हटलं की माणूस अडखळत नाही. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय मधल्या जागी बसवू नये. मधलं मत असणं वेगळं आणि मतच नसणं वेगळं. तो सहावा, बाजूला ठेवलेला पर्याय करावा आणि त्याला ९९ सारखा संकेत द्यावा. पण विश्लेषणाआधी हे ९९ काढून टाकायला विसरू नका. शंभर माणसांपैकी ९९ जणांची सरासरी ३ असेल आणि एकाचं उत्तर ९९ म्हणून राहून गेलं, तर सरासरी ३.९६ होते. पाचाच्या मापात एक माणूस जवळजवळ एका पायरीने सगळं गाव वर उचलतो.

पर्यावरणाबद्दलची वृत्ती मोजायला सर्वांत जास्त वापरली जाणारी मापपट्टी म्हणजे न्यू इकॉलॉजिकल पॅराडाइम. डनलॅप आणि व्हॅन लीअर यांनी १९७८ मध्ये ती १२ विधानांची बनवली, आणि २००० मध्ये ती सुधारून १५ विधानांची झाली. त्यातली विषम क्रमांकाची आठ विधानं पटणं म्हणजे पर्यावरणाच्या बाजूचं मत. सम क्रमांकाची सात पटणं म्हणजे विरुद्ध. त्यामुळे सम विधानांचे गुण उलटे करावे लागतात: सहातून मिळालेला गुण वजा. हे फॉर्ममध्ये करू नका, विश्लेषणात करा. फॉर्ममध्ये केलं की सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की कोणता स्तंभ उलटलेला आहे.

या मापपट्टीतल्या एका विधानात पृथ्वीला अंतराळयानाची उपमा आहे. कृष्णाकाठच्या कुडचीत किंवा खानापूरच्या वाडीवर ती शब्दशः नेली की ऐकणारा यानातच अडकतो, मर्यादित जागेचा मुद्दा पोचत नाही. नदीकाठी होडीची उपमा सहज पोचते. बदल करायला हरकत नाही, पण प्रबंधात तो बदल म्हणून लिहायचा आणि त्या विधानाचं इतरांशी असलेलं नातं वेगळं तपासायचं.

खेड्यातल्या मुलाखतींत भिडेपोटी ‘हो, पटतं’ म्हणत जाणारे बरेच भेटतात. घरी आलेल्याला नाही कसं म्हणायचं, हा साधा शिष्टाचार. आता हिशोब करा. एखाद्याने पंधराही विधानांना ‘पटतं’, म्हणजे ४, असं सांगितलं. उलटवल्यावर आठ विधानांचे ३२ आणि सात विधानांचे १४, एकूण ४६. सरासरी ३.०७. हा माणूस तक्त्यात अगदी समतोल विचाराचा दिसतो! उलटी विधानं भिडेचा दोष सरासरीतून काढतात खरं, पण असा माणूस मध्यावर लपतो. तो शोधायचा तर उलटवण्याआधी पंधरा उत्तरांचं प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरं एकमेकांपासून किती पसरली आहेत ते, काढा. ते शून्याजवळ असेल तर ती नोंद बाजूला घ्या. कोबो इथे चांगली मदत करतं. फॉर्ममध्ये ‘ऑडिट’ प्रकारची एक ओळ घातली की कोणत्या प्रश्नावर किती सेकंद गेले याची नोंद होते. पंधरा विधानं वाचून दाखवायला आणि ऐकून उत्तर द्यायला मिनिटभर पुरत नाही. ज्याच्या फोनवर ती सतत मिनिटाच्या आत संपतात, त्या पाहणी करणाऱ्याशी बोलायला हवं.

जागेची नोंद हा कोबोचा जमेचा भाग आहे. उपग्रहाकडून मिळणारी अचूकता ५ मीटरवर आली की कलेक्ट बिंदू आपोआप घेतं. पत्र्याच्या छताखाली किंवा दाट झाडीत ५ मीटर लवकर येत नाहीत, माणूस कंटाळून घाईने हातानेच बिंदू घेतो आणि अचूकता चाळीस-पन्नास मीटर राहते. उंबऱ्याबाहेर अंगणात येऊन घ्या. अचूकतेचा स्तंभ तक्त्यात येतो, तो नंतर पाहा. पुढे क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घर ते नाला हे अंतर काढताना अंश तसेच ठेवले तर उत्तर अंशात येतं आणि त्याला काही अर्थ नसतो. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम या नकाशापद्धतीत बेळगाव ४३ उत्तर या पट्ट्यात येतं, ईपीएसजी संकेत ३२६४३. आधी त्यात रूपांतर, मग अंतर मीटरमध्ये.

तक्ता उतरवताना ‘लेबल’ नव्हे, सांकेतिक किमती निवडा. नाहीतर उत्तरांच्या जागी लांबलचक मराठी वाक्यं येतात. कोबोच्या सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या, फाइलमध्ये स्तंभ स्वल्पविरामाने नव्हे, अर्धविरामाने वेगळे केलेले असतात. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरणारे हे पाहून ‘रीड सीएसव्ही टू’ ही आज्ञा देतात, आणि ती दशांशचिन्ह स्वल्पविराम असल्याचं धरून चालते. मग १५.८५ हा अक्षांश आकडा न राहता मजकूर होतो. साधी ‘रीड सीएसव्ही’ घ्या आणि विभाजक म्हणून अर्धविराम सांगा. हीच फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. आयात करताना यूटीएफ-८ निवडायचं.

पुढे कोबोचं काम संपतं. त्याच्या संकेतस्थळावर स्तंभालेख दिसतात, ते पाहणी नीट चालली आहे ना एवढं बघायला ठीक. प्रबंधात ते घालू नयेत. विश्लेषणासाठी आर, आणि आज्ञा लिहायची भीती वाटत असेल तर जमोव्ही, दोन्ही मोफत.

पहिली तपासणी क्रॉनबाखच्या अल्फाची. मापपट्टीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते हा आकडा सांगतो, आणि त्यासाठी विचरण, म्हणजे उत्तरांच्या पसाऱ्याचं माप (प्रमाण विचलनाचा वर्ग), लागतं. विधानांची संख्या भागिले तिच्यातून एक वजा केलेली संख्या. तिला गुणायचं एकातून, विधानांच्या विचरणांची बेरीज भागिले एकूण गुणांचं विचरण, हे वजा करून. उदाहरणार्थ विधानं १५, त्यांच्या विचरणांची बेरीज १५ आणि एकूण गुणांचं विचरण ४५ असेल तर १५/१४ गुणिले २/३, म्हणजे ०.७१. हे साधारण चालतं. अल्फा ऋण किंवा अगदी लहान आला तर आठवा, बहुतेक वेळा सम विधानं उलटवायची राहिलेली असतात.

पण सीमाभागात खरा प्रश्न अल्फाच्या पुढचा आहे. समजा मराठीत बोललेल्यांची सरासरी ३.६ आणि कन्नडमध्ये बोललेल्यांची ३.३ आली. हा वृत्तीतला फरक की भाषांतरातला? सरासऱ्यांची तुलना करणारी साधी चाचणी याचं उत्तर देऊ शकत नाही. इथे मापनाची समतुल्यता, म्हणजे मापपट्टी दोन्ही भाषांत एकच गोष्ट मोजते का ते, तपासावी लागते, आणि आरमधलं ‘लाव्हान’ हे पॅकेज ते करतं. पायऱ्या तीन. आधी दोन्ही भाषांत विधानांची रचना एकच आहे का ते पाहायचं. मग विधानांचे भार, म्हणजे प्रत्येक विधानाचं मूळ वृत्तीशी नातं किती घट्ट ते, दोन्ही गटांत सारखे धरायचे. मग आरंभबिंदूही, म्हणजे वृत्ती सारखी असताना विधानाला मिळणारा गुण, सारखे धरायचे. प्रत्येक पायरीला सीएफआय हा, मांडणी उत्तरांना किती जुळते ते सांगणारा निर्देशांक ०.०१ पेक्षा जास्त घसरला नाही तर पुढे जायचं. ही मर्यादा चंग आणि रेन्सव्होल्ड यांनी २००२ मध्ये सुचवलेली. तिसरी पायरी टिकली तरच दोन भाषांच्या सरासऱ्या शेजारी ठेवण्याचा हक्क मिळतो. घसरली तर कोणत्या विधानापाशी घसरली ते शोधा. पुष्कळदा तिथे ‘परिसर’सारखा एखादा शब्द सापडतो. यासाठी प्रत्येक भाषेत निदान दोनशे नोंदी असाव्यात. भाषेचा स्तंभ का हवा, ते हेच.

दुसरा फसवा भाग नकाशा. कोबोच्या नकाशावर चारशे ठिपके दिसले की काम भरपूर झाल्यासारखं वाटतं. वीस गावं आणि प्रत्येकी वीस घरं असतील, तर एका गावातली घरं एकमेकांसारखी उत्तरं देतात: पाणी एकाच विहिरीचं, बातम्या एकाच कट्ट्यावरच्या. हे साधर्म्य ०.१ धरलं तर रचनेचा परिणाम, म्हणजे घरांच्या संख्येची किंमत किती पटीने घटते तो आकडा, १ अधिक १९ गुणिले ०.१, म्हणजे २.९. चारशे घरांची किंमत उरते सुमारे १३८ घरांची, आणि टक्केवारीतली चूक ४.९ ऐवजी ८.३ पर्यंत जाते. तीच चारशे घरं चाळीस गावांत दहा-दहा वाटली तर परिणाम १.९, किंमत सुमारे २१० घरांची, चूक ६.८. एसटी आणि रिक्षाचा खर्च वाढतो, पण कणकुंबीच्या धो धो पावसापासून अथणीच्या कोरड्या माळापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात गावं वाढवणं हाच शहाणपणा. घरं निवडताना यादीतल्या १,२०० घरांतून ६० हवी असतील तर दर विसावं घर घ्या, आणि पहिलं घर १ ते २० मधून चिठ्ठी काढून. पारावर भेटतील त्यांना विचारणं म्हणजे पाहणी नव्हे.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. गूगल फॉर्म शहरातल्या कॉलेजपुरता ठीक. नेटशिवाय चालत नाही आणि जागेचा बिंदू स्वतः घेत नाही. ओडीके हे कोबोकलेक्टचंच मूळ, ताकदीला कमी नाही, पण मोफत वापरायचं तर स्वतःचा सर्व्हर मांडायची तयारी हवी. कागद अजूनही वाईट नाही, फक्त चारशे फॉर्म नंतर संगणकात हाताने भरताना होणाऱ्या चुकांचा वेळ धरून चाला. कोबोच्या मोफत योजनेला महिन्याच्या नोंदींची आणि साठवणीची मर्यादा असते. चारशे-पाचशे घरांच्या प्रबंधाला ती आड येऊ नये, पण प्रत्येक घरात चार फोटो काढायचे बेत असतील तर साठवण आधी भरते. फोटोचा आकार फॉर्ममध्येच १,००० पिक्सेलवर बांधून ठेवा.

एक गोष्ट साधनाच्या बाहेरची, पण इथल्या पाहणीसाठी अटळ. सीमाभागात ‘मातृभाषा कोणती’ हा साधा प्रश्न नाही. तो पहिल्या पानावर आला की समोरच्याला वाटतं, नाल्याचं निमित्त करून भाषेची मोजणी चालली आहे, आणि पुढची सगळी उत्तरं सांभाळून येतात. तो अगदी शेवटी घ्या, आणि उत्तर न देण्याचा पर्याय ठेवा. संमतीचा मजकूर दोन्ही भाषांत, वाचून दाखवण्याजोगा, चार-पाच वाक्यांत. घराचा अचूक बिंदू, भाषा आणि मत एकत्र असलेला तक्ता कुणालाही देऊ नये. अंतर काढून झालं की अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंत गोल करा, म्हणजे ठिपका साधारण एका किलोमीटरच्या आत कुठेही असू शकतो. पाठवून झालेल्या नोंदी फोनमधून आपोआप पुसण्याची सोय ॲपच्या सेटिंग्जमध्ये आहे. पहिले दोन दिवस सर्व्हरवरची संख्या रोज जुळवून पाहा. जुळली की तिसऱ्या दिवशी ही सोय सगळ्या फोनांवर चालू करा.